‘मेबी आय शुड टॉक टू अ लॉयर’: एका वाक्याचं प्रकरण

इंग्रजीत बोलण्यासाठी रोज लागणारी क्रियापदं चार: से, टेल, स्पीक आणि टॉक. शाळेत आपण चौघांचेही अर्थ पाठ करतो, ‘म्हणणे’, ‘सांगणे’, ‘बोलणे’ यांतलं एकेक त्यांच्यापुढे लिहितो आणि पुढच्या धड्याला लागतो. चौघांत ‘टॉक’ सगळ्यात घरगुती. गप्पा मारण्याचं, फोनवर खुशाली विचारण्याचं क्रियापद. व्याकरणाच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला फार तर पाव पान येतं. पण याच क्रियापदाच्या एका वापरावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला, आणि तो निकाल तिथल्या बहुतेक पोलीस चौकशांना आजही लागू आहे. ‘डेव्हिस विरुद्ध युनायटेड स्टेट्स’, १९९४. कायद्याचे विद्यार्थी हा खटला वकिलाच्या हक्कासाठी वाचतात. मी इथे तो ‘टॉक’साठी वाचणार आहे. हे क्रियापद खऱ्या आयुष्यात कसं चालतं, हे इतकं स्पष्ट दिसेल असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

काय घडलं

२ ऑक्टोबर १९८८ची संध्याकाळ. साउथ कॅरोलिना राज्यातला चार्ल्सटनचा नौदल तळ. तळावरच्या क्लबात खलाशी पूल, म्हणजे बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा काठी-चेंडूंचा खेळ, खेळत होते. त्यातला एक जण डाव हरला, त्याबरोबर तीस डॉलरची पैजही हरला, आणि पैसे द्यायला नाही म्हणाला. क्लब बंद झाल्यावर, तळावरच्या किराणा दुकानामागे माल उतरवायच्या धक्क्यावर त्याला पूल खेळायच्या काठीनं मारून ठार करण्यात आलं. पहाटे प्रेत सापडलं.

तपास नौदलाच्या तपास यंत्रणेकडे गेला आणि हळूहळू डेव्हिस नावाच्या खलाशावर येऊन थांबला. त्या संध्याकाळी तो क्लबात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परवानगीशिवाय कामावर गैरहजर होता. क्लबाबाहेर फक्त स्वतःच्या मालकीच्या काठ्याच नेता येत. त्याच्याकडे अशा दोन होत्या आणि एकीवर रक्ताचा डाग होता. शिवाय त्यानं आपल्याजवळ कबुली दिली, किंवा ज्याला आतली माहिती आहे त्यालाच सांगता येतील असे तपशील सांगितले, असं काही जणांनी अधिकाऱ्यांना सांगितलं होतं.

४ नोव्हेंबरला त्याची चौकशी झाली. लष्करी कायद्याप्रमाणे आधी त्याला त्याचे हक्क सांगण्यात आले: तू संशयित आहेस, निवेदन द्यायला बांधील नाहीस, दिलंस तर ते कोर्ट मार्शलमध्ये तुझ्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं, तुला वकिलाशी बोलण्याचा आणि चौकशीत वकील हजर ठेवण्याचा अधिकार आहे. त्यानं तोंडी आणि लेखी दोन्ही प्रकारे हे हक्क सोडले. चौकशी सुरू झाली.

साधारण दीड तासानं तो म्हणाला, ‘मेबी आय शुड टॉक टू अ लॉयर.’

अधिकारी थांबले. नंतर त्यांच्यापैकी एकानं साक्षीत सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे. तुझ्या हक्कांवर गदा आणायची नाही, वकील हवा असेल तर प्रश्न बंद करतो, असं त्यांनी त्याला सांगितलं. आणि तो वकील मागतोय की वकिलाविषयी नुसतं काहीतरी बोलतोय हे स्पष्ट झाल्याशिवाय पुढे जाणार नाही, असंही. त्यावर डेव्हिसचं उत्तर होतं: ‘नो, आयम नॉट आस्किंग फॉर अ लॉयर.’ आणि लगेच, ‘नो, आय डोन्ट वॉन्ट अ लॉयर.’ थोडी विश्रांती झाली, हक्कांची पुन्हा आठवण करून दिली गेली, आणखी तासभर प्रश्न चालले. मग तो म्हणाला, ‘आय थिंक आय वॉन्ट अ लॉयर बिफोर आय से एनीथिंग एल्स.’ यावेळी कुणी काही विचारलं नाही. चौकशी तिथेच थांबली.

पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य, यांच्या मधल्या वेळात तो जे बोलला ते त्याच्याविरुद्ध वापरता येईल का, हा वाद. लष्करी न्यायाधीश म्हणाले, येईल. त्याला खुनासाठी जन्मठेप झाली. दोन लष्करी अपील न्यायालयांनी तेच कायम केलं आणि प्रकरण वॉशिंग्टनला पोचलं.

‘टॉक’ हे क्रियापद करतं काय

निकालाकडे जाण्याआधी क्रियापदाकडे नीट बघू.

‘से’नंतर बोललेले शब्द येतात. ‘टेल’नंतर ऐकणारा माणूस येतो. ‘टॉक’नंतर यातलं काहीच सरळ येत नाही, मध्ये ‘टू’, ‘विथ’ नाहीतर ‘अबाउट’ लागतं. आपल्याकडे ‘तो मला म्हणाला’ आणि ‘त्यानं मला सांगितलं’ या दोन्हींत ‘मला’ एकाच थाटात बसतो, म्हणून मराठी मुलं ‘ही सेड मी’ आणि ‘ही टोल्ड टू मी’ असं सर्रास लिहितात. ‘टॉक’च्या बाबतीत चूक कमी होते, कारण ‘माझ्याशी बोलला’मधला ‘शी’ आपोआप ‘टू’कडे नेतो. काही ठरावीक जोड्यांत ‘टॉक’ला कर्म चालतंही: टॉक बिझनेस, टॉक पॉलिटिक्स, टॉक सेन्स. पण तिथेही काय बोललं गेलं ते कळत नाही, फक्त कोणत्या विषयावर ते कळतं. भाषेचं नाव आलं की ‘स्पीक’ वापरतात. ‘शी स्पीक्स मराठी’. इथे ‘टॉक्स’ म्हणून भागत नाही.

या सगळ्यातून ‘टॉक’चा स्वभाव कळतो. ते एक क्रिया दाखवतं, चालू असलेली, दोघांमधली. तिच्यातून काय निघालं हे ते सांगत नाही. ‘वी टॉक्ड फॉर टू अवर्स’ हे पूर्ण वाक्य आहे. ‘वी सेड फॉर टू अवर्स’ हे वाक्यच नाही.

आणि ‘टॉक टू’ म्हटलं की अर्थ समोर कोण आहे त्यावर ठरतो. मित्राशी ‘टॉक टू’ म्हणजे गप्पा. ‘द बॉस वॉन्ट्स टू टॉक टू यू’ ऐकल्यावर कुणाला गप्पा आठवत नाहीत, पोटात गोळा येतो. ‘टॉकिंग-टू’ या नामाचा अर्थ तर सरळ कानउघाडणी. आपल्याकडे हा फरक प्रत्ययात आहे: ‘आई माझ्याशी बोलली’ म्हणजे बोलणं झालं, ‘आई मला बोलली’ म्हणजे ओरडली. इंग्रजीत दोन्हींना ‘टू’च; बाकीचं प्रसंगावरून समजून घ्यायचं.

समोर डॉक्टर, वकील, बँकेचा माणूस असेल तर ‘टॉक टू’चा अर्थ सल्ला घेणं. अमेरिकेतल्या औषधांच्या जाहिरातींत ‘टॉक टू युवर डॉक्टर’ असं सतत ऐकू येतं. डॉक्टरशी हवापाण्याच्या गप्पा मारा असं त्यात कुणाला म्हणायचं नसतं. तपासून घ्या, विचारून घ्या, हाच अर्थ.

चौथा अर्थ पोलीस ठाण्यातला. ‘ही टॉक्ड’ म्हणजे तो फुटला, त्यानं सांगून टाकलं. इथे ‘टॉक’ला ‘टू’ नाही, ‘अबाउट’ नाही, काहीच नाही. नुसतं ‘टॉक’ म्हणजे कबुली. मराठीत हे अगदी जवळचं: पोलिसांनी त्याला बोलतं केलं, अखेर तो बोलला, पोपटासारखा बोलला. काय बोलला हे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं.

आता पुन्हा त्या खोलीत जाऊ. अधिकाऱ्यांना डेव्हिसकडून चौथ्या अर्थाचं ‘टॉक’ हवंय. डेव्हिस तिसऱ्या अर्थाचं ‘टॉक’ काढतोय. एकाच टेबलाभोवती एकच क्रियापद, आणि दोन्ही बाजूंना त्याचे वेगवेगळे परिणाम. तो ‘टू अ लॉयर’ बोलला तर ते बाहेर जात नाही, वकील आणि अशील यांच्यातलं राहतं. तो ‘टू’शिवाय बोलला तर सगळं नोंदीत जातं.

घरगुती शब्दांत मागितलेला हक्क

निकालपत्रातच या वाचनाला आधार देणारा एक तपशील आहे, आणि माझ्या मते तो पुरेसा चर्चेत येत नाही. अधिकाऱ्यांनी त्याला काय सांगितलं होतं? की तुला ॲटर्नीशी ‘स्पीक’ करण्याचा अधिकार आहे. निकालपत्रात या सूचनेसाठी ‘स्पीक विथ ॲन ॲटर्नी’ हे शब्द आहेत. दीड तासानं डेव्हिसच्या तोंडून आलं ‘टॉक टू अ लॉयर’. शब्द शब्दाला लावून बघा. ‘स्पीक’चं झालं ‘टॉक’, ‘विथ’चं झालं ‘टू’, ‘ॲटर्नी’चं झालं ‘लॉयर’. कार्यालयीन इंग्रजीतलं वाक्य घरच्या इंग्रजीत उतरलं, एवढाच फरक. तो वकिलाविषयी हवेत काही बोलत नव्हता. त्याला जे देऊ केलं होतं त्याचंच नाव त्यानं घेतलं, स्वतःच्या शब्दांत.

एक गोष्ट मात्र बदलली होती. सूचनेत ‘अधिकार आहे’ होतं; त्याच्या वाक्यात ‘मेबी’ आणि ‘शुड’ आले. अडलं ते इथे.

‘शुड’ हे इंग्रजीत सल्ल्याचं, योग्य-अयोग्याचं क्रियापद. ‘आय शुड टॉक टू माय वाइफ’ हे माणूस स्वतःशीही म्हणतो. त्यात मागणी नाही, विचार आहे. त्याला ‘मेबी’ जोडलं की विचारही अर्धवट झाला. आणि ‘टॉक’ हे क्रियापद बोलणाऱ्याच्याच कृतीचं. समोरच्यानं काय करावं ते त्यात येत नाही. ‘आस्क फॉर’मध्ये समोरचा आलाच, मागायचं तर कुणाकडे तरी मागावं लागतं. म्हणून अधिकाऱ्यानं जो फरक केला, ‘मागतोयस’ की ‘त्याविषयी बोलतोयस’, तो हवेतला नव्हता. इंग्रजी व्याकरण दोन्ही वाचनांना जागा देतं हे मान्य करायला हवं.

पण व्याकरण जागा देतं म्हणजे दोन्ही वाचनं सारख्याच तोलाची होतात असं नाही. रस्त्यावर चालणारा माणूस ‘मी वकिलाशी बोलायला हवं’ म्हणाला तर तो स्वतःच जाऊन बोलू शकतो. म्हणून तो विचार. चौकशीच्या खोलीत बसलेल्याला वकिलाशी बोलायचं असेल तर कुणीतरी प्रश्न थांबवायला हवेत, दार उघडायला हवं, फोन द्यायला हवा. तिथे ‘टॉक’ ही त्याच्या एकट्याच्या हातातली कृती उरत नाही. जे समोरच्याच्या परवानगीशिवाय करताच येत नाही, ते करायला हवं असं त्याच्या तोंडावर म्हणणं ही मागणीच झाली. मराठीत ‘जरा वकिलाशी बोलावं म्हणतो’ असं कुणी ठाणे अंमलदारासमोर म्हणालं तर ‘हा नुसता विचार व्यक्त करतोय’ असं कुणालाही वाटणार नाही. ‘म्हणतो’ तिथे इच्छा दाखवतं, आणि नम्रपणे दाखवतं.

जे. एल. ऑस्टिन या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञानं १९५५ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत मांडलं की बोलणं ही कृती असते: वचन देणं, माफी मागणं, नाव ठेवणं हे सगळं बोलण्यातून घडतं. पुढे जॉन सर्ल यांनी अप्रत्यक्ष कृतींचा अभ्यास केला. ‘मीठ देता येईल का?’ हा रूपानं प्रश्न, पण उत्तर म्हणून ‘हो, येईल’ म्हणून गप्प बसणाऱ्याला आपण उद्धट म्हणतो. ‘मेबी आय शुड टॉक टू अ लॉयर’ याच घराण्यातलं वाक्य आहे.

आणि शेवटच्या वाक्यातही ‘आय थिंक’ आहेच! तेही संकोचाचंच लक्षण. तरी त्यावर चौकशी थांबली. म्हणजे संकोच असला की वाक्य संदिग्ध होतं असं नाही. तिथे बदललं होतं क्रियापद. ‘शुड टॉक’च्या जागी ‘वॉन्ट’ आलं, आणि त्याच्या जोडीला ‘से’. ‘बिफोर आय से एनीथिंग एल्स’, यापुढे एकही शब्द बोलण्याआधी. ‘एनीथिंग यू से’ हे तर हक्क वाचून दाखवतानाचे शब्द. आता तो घरची भाषा सोडून कार्यालयाची भाषा बोलू लागला होता, आणि कार्यालयाला ती लगेच कळली.

निकाल

२४ जून १९९४. निकाल न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिला. पार्श्वभूमी अशी: १९६६च्या मिरांडा निकालानं कोठडीतल्या चौकशीआधी हक्क सांगणं बंधनकारक केलं होतं, १९८१च्या एडवर्ड्स निकालानं ठरवलं होतं की आरोपीनं वकील मागितला की वकील येईपर्यंत, किंवा तो स्वतःहून पुन्हा बोलू लागेपर्यंत, चौकशी बंद. प्रश्न उरला होता तो मागणी अस्पष्ट असेल तर काय, याचा. पाच न्यायमूर्तींच्या बहुमतानं उत्तर दिलं: हक्क एकदा सोडल्यानंतर मागणी इतकी स्पष्ट हवी की त्या परिस्थितीतल्या समंजस पोलीस अधिकाऱ्याला ती वकिलाची विनंती म्हणूनच कळेल. तशी नसेल तर प्रश्न चालू ठेवता येतात. खुलासा विचारणं चांगलं, पण बंधनकारक नाही. डेव्हिसचं वाक्य या कसोटीला उतरलं नाही.

ओकॉनर यांनी एक गोष्ट लपवली नाही. भीती, दडपण, भाषेवरची कमकुवत पकड यांमुळे काही आरोपींना वकील खरोखर हवा असूनही तसं स्पष्ट सांगता येणार नाही आणि त्यांचं या नियमानं नुकसान होईल, हे त्यांनी लिहून ठेवलं. ‘ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाच्या नेमकेपणानं’ बोलण्याची अपेक्षा नाही, असंही. तरी तराजू त्यांनी तपासाच्या सोयीकडे झुकवला: अधिकाऱ्याला दर वाक्याला अंदाज बांधत बसावं लागू नये. हा युक्तिवाद मला पटत नाही, पण तो पोकळ नाही. रात्री दोन वाजता समोर बसलेल्या हवालदाराला नियम एका वाक्यात कळावा लागतो.

न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांच्यासह चार जणांनी वेगळं मत लिहिलं. त्यांचं म्हणणं: वाक्य अस्पष्ट असेल तर आधी खुलासा विचारलाच पाहिजे. अनोळखी, धाक बसवणाऱ्या वातावरणात ठामपणे बोलण्याची ताकद अनेकांना सोडून जाते, आणि अनेकांचं इंग्रजी पक्कं नसतं. कायद्याच्या अभ्यासक जॅनेट एन्सवर्थ यांचा १९९३चा लेख त्यांनी आधाराला घेतला. समाजात ज्यांचा आवाज खालच्या पट्टीतला ठेवला जातो त्यांची बोली मुळातच आडवळणाची असते, आणि कायदा फक्त सरळ बोलीलाच मागणी मानतो, असा त्या लेखाचा रोख आहे.

पण डेव्हिसच्या शिक्षेबद्दल नऊही न्यायमूर्तींचं एकमत होतं. कारण या खटल्यातल्या अधिकाऱ्यांनी खुलासा विचारला होता, आणि डेव्हिसनं ‘नो’ म्हटलं होतं. सूटर यांच्या नियमानंही शिक्षा टिकलीच असती. थोडक्यात, बहुमताचा कडक नियम अशा खटल्यात घातला गेला ज्यात त्याची गरजच नव्हती. ज्या अधिकाऱ्यांनी वाक्य नीट ऐकलं त्यांच्या खटल्यातून, वाक्य नीट न ऐकण्याची मुभा सगळ्या देशाला मिळाली. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

त्याच क्रियापदाचे आणखी काही वापर

डेव्हिसच्या आधी दहा वर्षं, १९८४ साली, ‘स्मिथ विरुद्ध इलिनॉय’ खटल्यात अठरा वर्षांच्या मुलाला वकिलाचा हक्क सांगितला गेला. तो म्हणाला, ‘अ, येआ. आयड लाइक टू डू दॅट.’ अधिकारी हक्क वाचतच राहिला आणि मग विचारलं, वकिलाशिवाय आत्ता माझ्याशी ‘टॉक’ करणार का? मुलगा गोंधळला, ‘येआ अँड नो’ म्हणाला, आणि शेवटी: ‘ऑल राइट. आयल टॉक टू यू देन.’ सर्वोच्च न्यायालयानं पहिलं उत्तर पुरेसं स्पष्ट मानलं आणि नंतरच्या गोंधळातून मागे जाऊन ते अस्पष्ट ठरवता येणार नाही, असं म्हटलं. इथे ‘टॉक टू’चा ‘टू’ कसा फिरवला गेला ते बघण्यासारखं आहे. मुलाला वकिलाशी बोलायचं होतं. प्रश्न विचारणाऱ्यानं ‘टू’पुढे स्वतःला बसवलं.

१९८७च्या ‘कनेक्टिकट विरुद्ध बॅरेट’मध्ये आरोपी म्हणाला की वकिलाशिवाय लेखी निवेदन देणार नाही, पण घटनेबद्दल ‘टॉक’ करायला हरकत नाही. तो तोंडी बोलला आणि ते बोलणं पुराव्यात आलं. न्यायालय म्हणालं, त्यानं मर्यादा स्वतःच ठरवली होती. त्याच्या मनात बहुधा ‘टॉक’ म्हणजे कागदावर न उमटणारं, वाऱ्यावर जाणारं. आपल्याकडेही ‘नुसतं बोलणं’ आणि ‘लिहून देणं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक मानतात. त्या खोलीत तसा फरक नव्हता.

पोलिसांच्या आडवळणाकडे मात्र न्यायालयं वेगळ्या नजरेनं बघतात. १९७३च्या ‘श्नेक्लॉथ’ खटल्यात गाडीतल्या एकाच्या साक्षीप्रमाणे पोलिसानं विचारलं, ‘डज द ट्रंक ओपन?’ म्हणजे डिकी उघडते का. समोरच्यानं ‘येस’ म्हणून किल्ली आणून उघडली. शब्दशः घेतलं तर तो डिकीच्या कुलपाबद्दलचा प्रश्न होता, पण ती झडतीची विनंती आणि उघडणं ही संमती म्हणून धरली गेली. पोलिसाच्या प्रश्नात विनंती ऐकू येते, आरोपीच्या विधानात येत नाही. लॉरेन्स सोलन आणि पीटर टियर्स्मा या कायदा आणि भाषेच्या अभ्यासकांनी ही विसंगती नेमकी दाखवून दिली आहे, आणि तिच्यावर मला तरी समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

२०१०च्या ‘बर्गिस विरुद्ध थॉम्पकिन्स’मध्ये आरोपी पावणेतीन तास जवळजवळ गप्प होता आणि शेवटी एका प्रश्नाला ‘येस’ म्हणाला. पाच विरुद्ध चार अशा निकालात न्यायालयानं ठरवलं की गप्प राहण्याचा हक्क वापरायचा असेल तर तसं बोलून दाखवायला हवं. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी विरोधी मतात हा उलटा न्याय दाखवला: गप्प राहण्यासाठी आता बोलावं लागणार.

लुइझियानात एका आरोपीनं चौकशीत ‘व्हाय डोन्ट यू जस्ट गिव्ह मी अ लॉयर, डॉग’ असं म्हटलं होतं. ‘डॉग’ हे तिथल्या बोलीत समोरच्याला हाक मारणं, आपल्या ‘यार’सारखं. २०१७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं दाद फेटाळली, आणि एका न्यायमूर्तींनी आपल्या टिपणात ‘लॉयर डॉग’ असे दोन शब्द स्वल्पविरामाशिवाय लिहून ही मागणी संदिग्ध ठरवली. वाक्याच्या सुरुवातीला ‘जर तुम्हाला वाटत असेल की मी केलंय’ अशी अट होती, तिचाही वाटा असेल. पण ‘गिव्ह मी’ यापेक्षा सरळ मागणी इंग्रजीत कशी करायची, हे मी विद्यार्थ्यांना सांगू शकत नाही.

आपल्याकडे हे क्रियापद इतकं महाग का नाही

भारतात पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगत असे आणि नव्या कायद्यातही ती तरतूद आहे. कबुलीतून प्रत्यक्ष काही वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. त्यामुळे चौकीत कोण कुणाशी काय ‘बोलला’, यावर अमेरिकेसारखा शब्दाशब्दाचा काथ्याकूट होत नाही. आपली भांडणं वेगळी: मारहाण, दबाव, सह्या करून घेणं. राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये वकिलाशी ‘कन्सल्ट’ करण्याचा हक्क आहे, आणि २००९च्या दुरुस्तीनं चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आला, पण पूर्ण चौकशीभर त्याला बसवण्याचा नाही.

मुंबई हल्ल्याच्या खटल्यात कसाबच्या वतीनं मिरांडाचा दाखला दिला गेला. २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तो इथे आणायला नकार दिला, कारण आपल्या कायद्यात संरक्षणं वेगळ्या पद्धतीनं रचली आहेत. मात्र आरोपीला पहिल्यांदा हजर केलं की वकिलाचा हक्क त्याला समजावून सांगणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, हे त्याच निकालानं ठासून सांगितलं. बोलण्याची जबाबदारी आरोपीवरून काढून दंडाधिकाऱ्यावर टाकली, असं मी ते वाचतो.

तेव्हा हा खटला आपल्याला भिडतो तो आपली माणसं अमेरिकेत असतात म्हणून. शिकायला, नोकरीला गेलेल्यांना अधिकाऱ्यांसमोर बसायची वेळ कधीतरी येऊ शकते, आणि आपण इंग्रजी शिकतो ते ‘मे आय’, ‘आय थिंक’, ‘मेबी’, ‘इफ पॉसिबल’ यांच्यासकट. वर्गात हे सौजन्य म्हणून शिकवलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण त्या एका खोलीत ते सगळं गाळायचं. ‘टॉक’ नको, ‘शुड’ नको. ‘आय वॉन्ट अ लॉयर. आय विल नॉट आन्सर क्वेश्चन्स विदाउट अ लॉयर.’ इतकंच बोलायचं आणि नंतर खरोखरच गप्प बसायचं. पुढे प्रकरणाबद्दल काही बोललात तर तुम्ही स्वतःहून बोलणं सुरू केलंत असं धरलं जाऊ शकतं.

सगळीकडे नियम इतका कडक नाही. अमेरिकेतल्या राज्यांना स्वतःच्या राज्यघटनेखाली जास्त संरक्षण देता येतं. डेव्हिसच्याच वर्षी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानं बहुमताचा नियम न स्वीकारता सूटर यांची वाट धरली; मिनेसोटा आणि न्यू जर्सीतही खुलासा विचारावाच लागतो. हवाईतल्या होनोलुलूच्या ठाण्यात कुणी ‘मेबी आय शुड टॉक टू अ लॉयर’ म्हणालं, तर पोलिसांना दोनच मार्ग आहेत: चौकशी थांबवायची, नाहीतर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्यालाच विचारायचं, ‘तुम्हाला वकील हवा आहे का?’